काशीचं वय खापराला विचारा!

काशीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला 'काय काय पाहिलंत?' असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. विश्वनाथाचं दर्शन, दशाश्वमेध घाटावरची आरती, मणिकर्णिका, नावेतून घाटांची फेरी आणि परतताना गंगेचा गडू. पाठोपाठचं वाक्यही ठरलेलंच... 'जगातलं सर्वांत जुनं शहर हो! पाच हजार वर्षांचं!'

पण जे पाहून हे वाक्य तोंडून निघतं, त्यातलं खरोखर जुनं किती? विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्यादेवी होळकरांनी १७८०च्या सुमारास बांधवून घेतलं. घाटांची नावंच त्यांची जन्मपत्रिका सांगतात... अहिल्याबाई घाट, भोसले घाट, सिंदिया घाट. नावेतून दिसणारी दगडी पायऱ्यांची ही भव्य रांग बव्हंशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आणि तिच्यात मराठी सरदार-घराण्यांचा पैसा मोठ्या प्रमाणात ओतलेला. म्हणजे 'प्राचीन काशी' म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ते बरंचसं पेशवाईतलं नाहीतर त्यानंतरचं!

मग जुनी काशी आहे तरी कुठे?

ती आहे शहराच्या उत्तर टोकाला. मुगलसरायकडून (२०१८पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) येणारी गाडी गंगेवरचा मालवीय पूल ओलांडून 'काशी' नावाच्या लहानशा स्टेशनात शिरते. गंगा आणि वरुणा यांच्या संगमाजवळचा हा उंचवटा म्हणजे राजघाट. यात्रेकरू इथे फारसा फिरकत नाही. मात्र काशीचं वय कुणाला पुराव्यानिशी सांगायचं असेल, तर त्याला याच उंचवट्याशी यावं लागतं.

गंमत म्हणजे, या जागेचं महत्त्व एखाद्या पंडिताने पोथीतून शोधलेलं नाही. ते उघड झालं रेल्वेच्या कुदळीमुळे! १९३९-४०मध्ये काशी स्टेशनच्या वाढीसाठी इथे खोदकाम सुरू झालं आणि मातीबरोबर भांडी, मातीच्या मूर्ती, मणी, मुद्रा असं काय काय बाहेर पडू लागलं. यातल्या अनेक वस्तू बनारसमधल्या 'भारत कला भवन' या संग्रहालयात पोहोचल्या. राय कृष्णदास यांनी १९२०मध्ये स्थापन केलेलं हे संग्रहालय आज बनारस हिंदू विद्यापीठाचा भाग आहे. राजघाटच्या मृण्मूर्ती तिथे आजही पाहता येतात. गुप्तकाळातल्या स्त्री-पुरुषांच्या त्या हातभर नव्हे, बोटभर चेहऱ्यांवरच्या केशरचना पाहून आजच्या ब्यूटी पार्लरवालीनेही वही काढावी!

वस्तू बाहेर पडताहेत म्हटल्यावर पुरातत्त्व खात्याचे कृष्णदेव यांनी १९४०मध्ये इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाने प्रा. अवधकिशोर नारायण यांच्या नेतृत्वाखाली १९५७-५८मध्ये आणि मग १९६०पासून १९६९पर्यंत राजघाटची माती थराथराने उलगडली.

'थराथराने' हा शब्द इथे महत्त्वाचा. जुनं गाव म्हणजे एकावर एक घातलेल्या गोधड्यांची चळत. घर पडतं, त्याची माती सपाट करून वर नवं घर उभं राहतं. राख, शेण, फुटकी मडकी, हाडं तिथेच दबत जातात. शतकांमागून शतकं गेली, की जमीन कित्येक फूट उंच होते. खालचा थर जुना आणि वरचा नवा, इतका हा सोपा हिशेब. पण तो वाचायचा, तर माती फावड्याने उपसून चालत नाही. चौकोनी खड्डे आखून, मधे मातीच्या भिंती राखून, लहान थापीने खरवडत खाली जावं लागतं. कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद हरवली, की वस्तू हातात राहते आणि इतिहास निसटतो. रेल्वेच्या खोदाईत मिळालेल्या अनेक वस्तूंचं नेमकं हेच झालं. त्या सुंदर आहेत, पण कुठल्या थरातल्या, कुणाच्या शेजारी पडलेल्या, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

विद्यापीठाच्या उत्खननात राजघाटला सहा कालखंड हाती लागले. सर्वांत खालचा इसवी सनापूर्वी सुमारे ८००पासूनचा, तर सर्वांत वरचा सतराव्या शतकापर्यंतचा. म्हणजे अडीच हजार वर्षांची वस्ती एका जागी, एकावर एक! तळाच्या थरांत काळी-तांबडी भांडी आहेत. ही भांडी भट्टीत उपडी ठेवून भाजत असत. आतल्या बाजूला आणि काठाला हवा न मिळाल्याने ती काळी होत आणि बाहेरची बाजू तांबडी. त्यावरच्या थरांत आरशासारखी चकाकणारी काळी भांडी येतात. बुद्धाच्या काळाच्या आसपास गंगेच्या खोऱ्यात श्रीमंताघरी हीच भांडी वापरात होती. मग भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी येतात. गुप्तकाळाच्या थरांत मातीच्या मुद्रा येतात. पत्राची वा मालाची दोरी बांधून, गाठीवर ओली माती थापून त्यावर शिक्का उठवायचा, अशी ही त्या काळची 'सीलबंद' पद्धत. यातल्या काही मुद्रांवर अविमुक्तेश्वराचं, म्हणजे काशीच्या शिवाचंच नाव आहे. काहींवर वाराणसीच्या नगर-कचेरीचा शिक्का आहे. दीड हजार वर्षांपूर्वी शहर होतं, त्याला कचेरी होती आणि कचेरीला शिक्का होता. भक्तांच्या सांगण्यावर विश्वास न ठेवणाऱ्यालाही हा पुरावा मान्य करावा लागतो.

पण शहर काही आकाशातून पडत नाही. ते आसपासच्या खेड्यांतून वाढतं. त्यामुळे काशीच्या जन्माचा पुढचा धागा राजघाटच्या बाहेर मिळाला, यात नवल नाही. सारनाथजवळचं अकथा आणि गंगेपलीकडचं रामनगर इथे बनारस हिंदू विद्यापीठाच्या विदुला जायसवाल यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खननं केली. तिथली सर्वांत जुनी वस्ती राजघाटच्याही आधीची असून ती इसवी सनापूर्वी १८००च्या आसपास मागे जाते, असं त्यांचं म्हणणं आहे. ही वस्ती शहराची नव्हे, शेतकऱ्यांची आणि गुराख्यांची!

अशा जुन्या खेड्यात पुरातत्त्वज्ञाला मिळतं तरी काय? दगडी भिंत नाही, शिलालेख नाही. घरं कुडाची. लाकडी मेढी रोवायच्या, बांबू-काटक्यांच्या भिंती विणायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा. असं घर पडलं, की काही वर्षांत लाकूड कुजून जातं. उरतात ते मेढी रोवलेले गोल खळगे. आजूबाजूच्या मातीपेक्षा त्यांतली माती काळपट आणि भुसभुशीत असते. हे काळे ठिपके एकमेकांना जोडले, की घराचा आकार कागदावर उमटतो. घर गेलं, पण घराची सावली जमिनीत राहिली! चुलीतला कोळसा मिळाला, तर त्यातल्या कार्बन-१४च्या प्रमाणावरून वय काढता येतं. जिवंतपणी झाडात साठलेला हा कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. म्हणून एका मुठीएवढा कोळसा शंभर दंतकथांना भारी पडतो.

हे तंत्र जगभर एकच आहे. रोमन इंग्लंड सोडून गेल्यावर पाचव्या शतकापासून तिथे अँग्लो-सॅक्सन लोक वसले. त्यांची घरंही लाकडाचीच. सफक परगण्यातल्या वेस्ट स्टो इथलं त्यांचं खेडं १९६५ ते १९७२ या काळात असंच मेढींच्या खळग्यांवरून आणि जमिनीतल्या खड्ड्यांवरून शोधलं गेलं. पुढे त्याच जागी तशीच घरं पुन्हा बांधून लोकांसाठी खुली करण्यात आली. राजघाटला कचेरीच्या मुद्रा उमटत होत्या, त्या सुमारास इंग्रजांचे पूर्वज खड्ड्यावर छप्पर टाकून राहत होते!

आणि महाराष्ट्राने तर या बाबतीत धडाच घालून दिला आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांच्यासारख्यांनी सव्वाशेहून अधिक घरं उघडकीला आणली. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं हे खेडं. आधीच्या काळात चौकोनी, ऐसपैस घरं. शेवटच्या काळात लहान, गोल झोपड्या. पाऊस कमी झाला, शेती बसली आणि गावकऱ्यांची घरंही आक्रसली, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. घरातल्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन-दोन रांजण मिळाले. त्यांत तान्ह्या मुलांचे सांगाडे होते. गेलेलं मूल घराबाहेर न जाऊ देणारी ती आई तीन हजार वर्षांनी भेटली, ती मातीच्या थरांत. कुठल्याही पोथीत तिचा उल्लेख नाही.

म्हणूनच ही माती जपण्याचा प्रश्न येतो आणि तिथे आपलं प्रगतिपुस्तक फारसं बरं नाही.

काशीचंच पाहा. १७९४मध्ये जगतसिंह यांच्या माणसांनी बांधकामासाठी विटा हव्यात म्हणून सारनाथचा धर्मराजिक स्तूप खोदला. हा स्तूप मुळात सम्राट अशोकाचा. आत दगडी पेटी आणि तिच्यात अस्थींचा करंडक मिळाला. अस्थी गंगेला अर्पण झाल्या आणि स्तूप जमिनीला मिळाला. ही हकिगत नोंदवून ठेवली ती बनारसचा तेव्हाचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११मध्ये मुंबईतच वारला. पुढे एकोणिसाव्या शतकात वरुणेवरच्या पुलासाठी सारनाथच्या ४८ मूर्ती आणि कोरीव दगड नदीत टाकण्यात आले. कशासाठी? पुलाच्या खांबांना पाण्याचा मार लागू नये म्हणून!

हे झालं जुन्या काळचं. आज काय घडतं? जुन्या वस्तीची माती राखेमुळे पांढुरकी असते. आपल्याकडे गावात तिला 'पांढर' म्हणतात. ती पिकाला खतासारखी मानवते. म्हणून शेतकरी गाड्या भरभरून ती शेतात नेतो. वीटभट्टीवाला नेतो, रस्त्याच्या भरावाला नेतात. एका ट्रॉलीत दोन-तीनशे वर्षं निघून जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

राजघाटपाशी तर आता इतिहासाची पुनरावृत्ती होऊ घातली आहे. मालवीय पूल १८८७मध्ये डफरिन पूल म्हणून खुला झाला. तो थकला. त्यामुळे त्याच्याजवळ रेल्वे आणि रस्ता असा दुहेरी नवा पूल बांधण्याच्या, लोहमार्ग वाढवण्याच्या २,६४२ कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४मध्ये मंजुरी दिली. पूल हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण १९४०च्या चुकीला निदान अज्ञानाचं निमित्त होतं. आता या उंचवट्याच्या पोटात काय आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग या काठावर जिथे जिथे यंत्र जमिनीत शिरेल, तिथे आधी थापी घेतलेला पुरातत्त्वज्ञ उभा राहायला नको का?

इंग्लंडने यावर उपाय काढला. १९९०पासून तिथे बांधकामाच्या परवानगीआधी जमिनीखालच्या अवशेषांचा विचार करणं नियोजनाचा भाग झालं आणि त्या तपासणीचा खर्च बांधकाम करणाऱ्याकडे आला. त्यामुळे वसाहती, रस्ते उभे राहतातच, पण त्यांच्या पायाखालून अँग्लो-सॅक्सन खेडी नकाशावरही येतात. आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरांवर नियंत्रण आहे. पण ते 'संरक्षित' म्हणून जाहीर झालेल्यांनाच. गावोगावची बेवारस टेकाडं या कुंपणाबाहेर!

तरीही सामान्य माणसाच्या हातात काही नाही, असं नाही. १८७८चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. विहीर, पाया, शोषखड्डा खणताना राखेचा पट्टा, नक्षीची खापरं, जुनी नाणी दिसली, तर काम दोन दिवस थांबवून जवळच्या विद्यापीठाला वा पुरातत्त्व खात्याला कळवावं. वस्तू उचलून धुऊन देव्हाऱ्यात ठेवण्याआधी ती जिथे आहे तिथे तिचा फोटो काढावा. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असतोच.

राहिला काशीच्या वयाचा प्रश्न. पाच हजार वर्षांचा दावा अजून मातीने सिद्ध केलेला नाही. तिने राजघाटला सुमारे २,८०० वर्षांची साक्ष दिली आहे, भोवतालच्या खेड्यांत त्याहून मागची. इतक्या काळात बाबिलोन ओस पडलं, पाटलीपुत्र गाळाखाली गेलं, काशीतली चूल मात्र विझली नाही. याहून मोठा गौरव आणखी कुठला हवा? पुढच्या खेपेला काशीला जाल, तेव्हा आरती जरूर पाहा. पण एक सकाळ राजघाटसाठी राखून ठेवा आणि एक दुपार भारत कला भवनातल्या त्या बोटभर चेहऱ्यांसाठी. खरी जुनी काशी त्यांनी पाहिली आहे!