'आपण' आणि 'आम्ही'

गिरणी कामगारांविषयीचे मराठी साहित्य शिकवताना आपली नजर बहुधा दोन ठिकाणी खिळते. एक, नारायण सुर्व्यांच्या कवितेतला 'मी'; दुसरे, जयंत पवारांच्या 'अधांतर'मधले, संपानंतर विस्कटलेले घर. दोन्ही कृती थोर आहेत, त्याविषयी वाद नाही. मात्र त्या दोहोंच्या मधोमध जी गोष्ट उभी होती ती, म्हणजे संघटना, आपल्या अभ्यासक्रमातून जवळजवळ निसटलेली आहे. सुर्वे स्वतः कामगार चळवळीतले. त्यांच्या 'मी'च्या मागे पुष्कळ माणसे आहेत. तरी प्रश्नपत्रिकेत आपण विचारतो ते कवीच्या आत्मभानाविषयीच.

संघटनेचे सर्वनाम वेगळे असते. इंग्रजीला नसलेली एक सोय मराठीला आहे : 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट सारे आणि 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून उरलेले. गिरणगावातल्या सभेत वक्ता 'आपण' म्हणतो. मालकापुढे जाणारे निवेदन 'आम्ही' म्हणते. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणे हेच संघटनेचे खरे काम. ते रटाळ असते. वर्गणीच्या पावत्या, खात्याखात्यांतले प्रतिनिधी, रात्री उशिरापर्यंत चालणारी मसुद्याची घासाघीस. यात नाट्य कमी, म्हणून लेखकांना त्याचे आकर्षणही कमी असावे. भाऊ पाध्यांची 'डोंबाऱ्याचा खेळ' ही कादंबरी युनियनच्या आतल्या जगात शिरते. पण ती किती वर्गांत वाचली जाते?

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या संमतीचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, कामावर जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्यातल्या मागण्या. या यादीत एकही विशेषण नाही, आणि तरीही एका अख्ख्या आयुष्याची दिनचर्या तीत दिसते. साप्ताहिक सुटी मिळायला 1890 उजाडावे लागले. त्याच वर्षीच्या एका प्रचंड सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केल्याची नोंद आहे. आधुनिक मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण 'निबंधमाला' सांगतो. हे निवेदन सांगत नाही.

'आम्ही' म्हणायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे कायद्याने हाती घेतला. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका क्षेत्रातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता मिळे. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करण्याची मागणीही होती. या संपाची कथा आपण एका हट्टी नेत्याची शोकांतिका म्हणून वाचतो. मला हे वाचन अपुरे वाटते. आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरवता न येणाऱ्या माणसांचा तो संप होता, असेही तो वाचता येतो. आणि मग 'अधांतर'मधल्या घराचे कोसळणे केवळ कौटुंबिक उरत नाही.

संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात येऊन आज काम आहे की नाही याची वाट पाहणारा. हा शब्द कोशातून गेला असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत मराठीचे अध्यापक आज तासिका तत्त्वावर काम करतात : झालेल्या तासांचा मोबदला, सुटीचा नाही, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. सुर्व्यांची कविता शिकवणाऱ्याची ही स्थिती आहे, आणि ती वर्गात उच्चारली जात नाही. कदाचित त्यात कमीपणा वाटतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार एकाहून अधिक संघटना असल्यास वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवायला पटावरच्या एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तासिकेवरचा अध्यापक कोणत्या पटावर धरायचा, हे विचारायला तरी आधी चारजणांना एका खोलीत बसून 'आपण' म्हणावे लागेल.