बाटलीची किंमत आणि रांगेची किंमत

मद्य प्यावे की पिऊ नये, हा प्रश्न आम्ही येथे चर्चेला घेतलेला नाही. त्याविषयी आम्ही व्यासपीठावरून वेळोवेळी बोलत आलो आहोत, आणि पुढेही बोलू. येथे प्रश्न किमतीचा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने अमेरिकन बर्बन व्हिस्कीवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, आणि जे नाव पूर्वी आमच्या कुटुंबांत फक्त परदेशी गेलेल्या मुलांच्या तोंडी असे, ते आता लग्नघरांच्या याद्यांत दिसू लागले आहे. त्या नावामागोमाग एक भाषाही येते. ‘ही बाटली पैसे असूनही मिळत नाही’, ‘हिच्यासाठी लॉटरी काढतात’, ‘ही बिअर घ्यायला लोक पहाटेपासून उभे राहतात’. ही भाषा बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, त्याचा चवीशी काही संबंध आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. मद्याच्या किमतीत धान्य, पिंप, वर्षे आणि मनुष्याचे श्रम यांचा जो वाटा असतो, तो न्याय्य आहे आणि तो देताना कुरकुर करू नये. त्यापलीकडची किंमत ही रांगेची किंमत होय. ती देणाऱ्याला त्या बदल्यात पिण्यासारखे काहीही मिळत नाही.

प्रथम न्याय्य वाट्याविषयी, कारण त्याला कमी लेखणे हाही अन्याय ठरेल. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बनच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ते आतून जाळलेल्या, कोऱ्या करकरीत ओकच्या पिंपात मुरवावे लागते. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. ते मग स्कॉटलंडला जाते, किंवा बिअर मुरवणाऱ्याकडे. केंटकीचा उन्हाळा कडक असतो. पिंपातील मद्य लाकडात शिरते, बाहेर येते, आणि दरवर्षी त्यातील काही टक्के हवेत उडून जाते. त्या घटीला तेथील लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. वीस-बावीस वर्षे मुरलेल्या पिंपातून निम्म्याहून अधिक मद्य असे देवदूतांनी नेलेले असते. एवढी वर्षे गोदाम सांभाळणाऱ्याने चार वर्षांच्या मद्यापेक्षा पुष्कळ अधिक किंमत मागितली, तर त्यात गैर काही नाही. मात्र वय वाढले की गोडी वाढते, हा समज खरा नाही. कोरे लाकूड एका मर्यादेनंतर मद्यावर स्वार होते, आणि जिभेवर लाकडाखेरीज फारसे काही उरत नाही. शिवाय बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही. कपाटात दहा वर्षे ठेवलेली बाटली दहा वर्षांनीही तेवढ्याच वयाची असते. हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यावर अर्धा बाजार जगतो!

आता ज्या नावाने या उन्मादाला तोंड फोडले, त्याकडे वळू. लुइव्हिल शहराच्या परिसरात १९३५ मध्ये उघडलेली स्टित्झेल-वेलर ही भट्टी व्हॅन विंकल कुटुंबाकडे होती. १९७२ मध्ये ती विकली गेली. तो काळ बर्बनच्या पडतीचा होता. तरुणांना व्होडका हवी होती, आणि केंटकीच्या गोदामांत पिंपे पडून राहिली होती. आज ज्या दीर्घायुषी बर्बनची लोक भक्ती करतात, ते इतके म्हातारे झाले ते बव्हंशी त्या वेळी त्याला गिऱ्हाईक नव्हते म्हणून. कुटुंबातील नातवाने ही जुनी पिंपे मिळवून त्यांतील मद्य बाटल्यांत भरले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका परीक्षण संस्थेने २० वर्षांच्या ‘पॅपी व्हॅन विंकल’ला १०० पैकी ९९ गुण दिले, आणि पुढचे सर्व आपोआप घडत गेले. २००२ पासून हे मद्य बफेलो ट्रेस भट्टीच्या सहकार्याने तयार होते. उत्पादक स्वतः सुचवतो ती किंमत काही शे डॉलर आहे. हातोहात विकली जाते तेव्हा तीच बाटली काही हजार डॉलरांना जाते. मधल्या हजारांतील एकही डॉलर मका पेरणाऱ्याला, पिंप घडवणाऱ्याला किंवा भट्टीवरच्या कामगाराला मिळत नाही.

त्याच भट्टीतून ‘वेलर’ नावाचे बर्बनही निघते. त्यातही राय या धान्याऐवजी गहूच वापरतात. हे बर्बन पूर्वी दुकानाच्या फळीवर सहज मिळे, आणि सामान्य कामकरी मनुष्य ते सुखाने घरी नेई. कोणीतरी त्याला ‘गरिबांची पॅपी’ म्हटले आणि तेही फळीवरून नाहीसे झाले. ज्या मनुष्याच्या बापाने हे मद्य आयुष्यभर घेतले, त्याला आता ते परवडत नाही, आणि ज्याला परवडते तो ते उघडत नाही.

टंचाई आहे म्हणून भाव चढले, असे सांगितले जाते. टंचाई कशाची? २०२४ च्या आरंभी केंटकीच्या गोदामांत १ कोटी ४० लाखांहून अधिक पिंपे मुरत पडली होती. त्या राज्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख. म्हणजे पाळण्यातले मूल धरूनही माणशी तीन पिंपे! बर्बन मुबलक आहे. चार-दोन लेबले तेवढी दुर्मिळ आहेत. या लेबलांनी माणसांचे काय केले, तेही पाहावे. २०१३ मध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपीच्या सुमारे दोनशे बाटल्या चोरीस गेल्या. ओरेगॉन राज्यात मद्याचे वाटप सरकारी आयोगाच्या हाती असते. तेथील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अशा बाटल्या सामान्य गिऱ्हाइकांपर्यंत जाऊ न देता स्वतःसाठी बाजूला ठेवल्या होत्या, हे उघडकीस आले आणि २०२३ मध्ये आयोगाच्या संचालकांना पायउतार व्हावे लागले. त्यांनी बाटल्यांचे पैसे भरले होते. फुकट काही घेतले नव्हते. तरीही तेथील जनता संतापली, आणि आमच्या मते तो संताप योग्य होता.

यावर रसिक मंडळी म्हणतात, ‘फादर, तुम्हांला चव कळत नाही.’ कदाचित नसेल कळत. परंतु ज्यांना कळते असे ते मानतात, त्यांच्याविषयी थोडे ऐकावे. २००८ साली अमेरिकेत दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची त्यांना अधिक आवडली, इतकेच नव्हे तर मेंदूतील सुखाच्या जाणिवेशी निगडित भाग तेव्हा अधिक जागा झालेला यंत्रावर दिसला. दुसऱ्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक नोंदी तपासल्या. किंमत आणि नाव झाकून चाखल्यावर सामान्य माणसांना महाग वाइन अधिक आवडली नाही; किंचित कमीच आवडली. हे प्रयोग वाइनवरचे आहेत, परंतु व्हिस्कीच्या पेल्यापुढे बसल्यावर मनुष्याचा मेंदू बदलतो असे मानायला आधार नाही.

काना गावच्या लग्नाची गोष्ट आमच्या वाचकांना सांगायला नको. तिच्यातील एक बारकावा मात्र सहसा लक्षात येत नाही. भोजनकारभाऱ्याने तो द्राक्षारस चाखला तेव्हा तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या सेवकांना तेवढे ठाऊक होते. त्याने नाव न ऐकता, मोल न विचारता निर्णय दिला, आणि तो अचूक होता. आजच्या रसिकांपैकी किती जण अशा परीक्षेला बसतील?

बिअरची गोष्ट थोडी निराळी आहे. लहान भट्टीवाल्याला हॉप्स महाग पडतात, टाक्या लहान, हात थोडे. मोठ्या कारखान्याच्या भावात त्याने विकावे ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. त्याला चार पैसे अधिक द्यावेत. परंतु तेथेही रांग आली. व्हर्मांट राज्यातील वॉटरबरी या लहान गावात ‘अल्केमिस्ट’ नावाची भट्टी आहे. तिच्या ‘हेडी टॉपर’ बिअरसाठी इतक्या मोटारी येऊ लागल्या की शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे २०१३ मध्ये मालकांना तेथील दुकानच बंद करावे लागले. गंमत अशी की, या जातीच्या बिअरचा प्राण म्हणजे हॉप्सचा ताजा सुगंध, आणि तो काही आठवड्यांतच विरू लागतो. जो ती दडवून ठेवतो आणि दुप्पट भावाने विकतो, तो उतरलेला माल विकतो. शिकागोच्या ‘गूज आयलंड’ची बर्बनच्या पिंपात मुरवलेली काळी बिअर घेण्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात रांगा लागतात. २०११ मध्ये ही भट्टी ३ कोटी ८८ लाख डॉलरना जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने विकत घेतली. रांगेतील माणूस अजूनही तिला लहान कारागिराची बिअर समजून उभा असतो.

आणि आता बेल्जियम. पश्चिम फ्लँडर्समधील वेस्टव्लेटेरेन येथे संत सिक्स्तुस यांच्या नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे. १८३० च्या दशकापासून तेथील मठवासी बिअर करतात. २००५ मध्ये त्यांच्या ‘१२’ क्रमांकाच्या बिअरला एका जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळाले आणि मठाच्या दारापुढे मोटारींची रीघ लागली. व्यापाऱ्याने अशा वेळी काय केले असते ते सांगायला नको. मठवासीयांनी उत्पादन वाढवले नाही, संधी साधून भावही चढवले नाहीत. आम्ही येथे प्रार्थनेसाठी राहतो, पोटापुरती बिअर करतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. माणशी मर्यादा घातली, दूरध्वनीवर नाव नोंदवायला लावले, पुन्हा न विकण्याची अट घातली. तरीही २०१८ मध्ये नेदरलँड्समधील एका सुपरमार्केट साखळीने हीच बिअर बाटलीमागे सुमारे १० युरोंना विकली. मठात तिची किंमत २ युरोंहूनही कमी होती. मठाने जाहीर निषेध केला, आणि २०१९ मध्ये दलालांना आळा घालण्यासाठी संगणकावरून नोंदणीची नवी पद्धत आणली.

टीकाकार २०१२ कडे बोट दाखवतील. त्या वर्षी मठाने वास्तूच्या नूतनीकरणासाठी परदेशांत पेट्या विकल्या, आणि त्या अमेरिकेत प्रत्येकी ८५ डॉलरना गेल्या. आम्हांला यात विसंगती दिसत नाही. कारण सांगितले, पैसा भिंतींत गेला, आणि ते काम संपल्यावर मठ पुन्हा आपल्या जुन्या रीतीला लागला.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, ७७ व्या प्रश्नात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. वस्तू हातची गेल्याने विक्रेत्याचे खरोखर नुकसान होत असेल, तर तेवढे त्याने अधिक घ्यावे, असे ते मानतात. परंतु घेणाऱ्याला ती वस्तू फार हवी आहे आणि देणाऱ्याचे काहीच जात नाही, अशा वेळी केवळ त्या हवेपणाचे पैसे लावता येणार नाहीत. कारण जे आपले नाही ते कोणी विकू शकत नाही. त्या डच दुकानदाराने आठ युरो कशाचे घेतले? गिऱ्हाइकाच्या आतुरतेचे. ती त्याच्या मालकीची नव्हती.

‘बाजार आहे, कोणी जबरदस्ती केली नाही’, हे उत्तर आम्ही ऐकले आहे. जबरदस्ती नाही, हे खरे. पण आमच्याच धर्मग्रामांत लग्नाच्या मंडपातील टेबलावरचे लेबल पाहून सोयरे यजमानाची पारख करतात, आणि ते लेबल आणण्यासाठी मुलीचा बाप पतपेढीत अर्ज भरतो, तेव्हा त्याची इच्छा कितपत मोकळी असते, हे अर्थशास्त्राने नव्हे, शेजाऱ्यांनी सांगावे. ‘ही गुंतवणूक आहे’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की, उत्पादकांनाच जे भाकीत साधले नाही ते तुम्हांला कसे साधणार? २०२५ च्या जानेवारीत केंटकीतील एका मोठ्या कंपनीने लुइव्हिलमधील आपला पिंपांचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि दोनशेहून अधिक कामगारांचे काम गेले. मागणी ओसरली होती. उन्मादाच्या वर्षांत भरलेली पिंपे मात्र गोदामांत तशीच आहेत.

परदेशातून येणारी मुले आम्हांला विचारतात, मग आणावे तरी काय? बर्बनच हवे असेल तर ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द पाहून घ्यावे. १८९७ च्या कायद्याने या शब्दांना अर्थ दिला आहे: एका भट्टीचे, एका हंगामाचे, निदान चार वर्षे मुरलेले, ५० टक्के तीव्रतेचे. अशा बाटल्या तेथे साध्या दुकानांत माफक किमतीत मिळतात, लॉटरी काढावी लागत नाही. आणि बेल्जियमला जाणे झालेच, तर वेस्टव्लेटेरेनपासून थोड्याच अंतरावर वाटू नावाचे गाव आहे. तेथील ‘सेंट बर्नार्डस’ या भट्टीने १९४६ पासून १९९२ पर्यंत मठाच्याच परवान्याने, मठाच्याच कृतीने बिअर केली. करार संपला तरी तिची ‘१२’ क्रमांकाची बिअर त्याच परंपरेतील आहे, आणि ती कोणत्याही दिवशी, कोणालाही, फळीवरून उचलून घेता येते.