‘फकिरा’ची शरणागती आणि समीक्षेची सोय

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’चा (१९५९) शेवट वीराचे आत्मबलिदान म्हणून वारंवार गौरविला जातो. हा गौरव समीक्षेच्या सोयीचा आहे. सरकार आप्तांना व जातबांधवांना ओलीस धरते, तेव्हा फकिरा स्वाधीन होतो. लढावे तर आपली माणसे भरडली जातात. शरण जावे तर लढाच संपतो. या पेचाला ‘निवड’ म्हणणे म्हणजे पेच घालणाऱ्याला निर्दोष सोडणे होय. १८७१पासून विस्तारत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा जन्मालाच चिकटविला. जमातच गुन्हेगार ठरली की प्रत्येक कुटुंब आधीच ओलीस असते. कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यागाच्या स्तुतीत रमलेली समीक्षा मात्र ओलीस धरणाऱ्या सत्तेला अद्याप जाब विचारीत नाही.