हेड बदलल्याने बजेट वाढत नाही

यंदाच्या चवथीला मूळ घरी सगळा गोतावळा जमला होता. आरत्या झाल्या, माटोळीखाली फोटो झाले, आणि माझा पुतण्या मला हळूच मागच्या अंगणात घेऊन गेला. वय पंचवीस, वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत नोकरी. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. हेअर ट्रान्सप्लान्टचे कोटेशन! ३,५०० ग्राफ्ट, हप्त्यांची सोय, वर दोन इंजेक्शने फुकट. "काका, तुका कितें दिसता?"

त्याने बापाला न विचारता मलाच का विचारले, हे माझे डोके पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. कोकणीत तकली म्हणजे डोके आणि मराठीत टकला म्हणजे केस नसलेला. गोव्यात या दोन भाषांचे एकमत होणे दुर्मिळ, पण माझ्या बाबतीत ते झालेले आहे. दुसरे कारण असे की गेल्या वर्षी मी स्वतः याच कामासाठी तीन दवाखान्यांच्या पायऱ्या चढून आलो होतो. घरात ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. असो.

त्याला जे उत्तर दिले तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण असा कागद खिशात घेऊन हिंडणारे तरुण आणि माझ्यासारखे पंचेचाळिशी ओलांडलेले गृहस्थ आपल्याकडे बरेच आहेत, आणि यावर उघडपणे कुणी बोलत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. केसांचे दुःख हे दुःखच नव्हे, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. "टक्कल म्हणजे श्रीमंतीचे लक्षण" असे सांगणारे लोक मला सत्तावीस वर्षांचा असल्यापासून भेटत आले आहेत. माझी पगाराची स्लिप त्यांनी कधी पाहिलेली नाही. गावच्या उत्सवातल्या नाटकात मी पंचविशीत नायक होतो. तिशीत दिग्दर्शक म्हणाला, "तुला टोप घालू." पस्तिशीत म्हणाला, "आता तू सासऱ्याचेच काम कर, टोपाचे भाडे वाचेल." सगळे हसले, मीही हसलो. पण त्या रात्री आरशासमोर रंग पुसताना हसू आले नव्हते. तेव्हा केस हवेसे वाटणाऱ्याला उथळ म्हणण्याचा अधिकार, माझ्या मते, भरल्या डोक्याच्या माणसाला तरी नाही.

माझे भांडण ट्रान्सप्लान्टशी नाही. हिशेब लपवण्याशी आहे.

पहिला दवाखाना पणजीतला. डॉक्टर भेटलेच नाहीत. कोट घातलेली एक मुलगी भेटली, तिच्या हुद्द्याचे नाव कौन्सेलर. तिने मोबाइलवर डोक्याचे चार फोटो काढले आणि पाच मिनिटांत निकाल दिला: ४,५०० ग्राफ्ट, संपूर्ण कव्हरेज, ग्राफ्टला ४५ रुपये, म्हणजे २ लाख २ हजार ५००. रविवारपर्यंत पैसे भरले तर सूट. दुसरा मडगावातला. तिथे ६,००० ग्राफ्ट, दोन दिवसांत दोन बैठका. "मागचे केस संपणार तर नाहीत ना?" असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "सर, टेन्शन घेऊ नका." मी जीपीएफमधून पैसे काढण्याचा अर्ज लिहूनही ठेवला होता. कारण मात्र 'घरदुरुस्ती' असे लिहिले होते.

तिसरा दवाखाना बेळगावातला. मेव्हण्याच्या कामासाठी तिकडे गेलो होतो म्हणून सहज गेलो. तिथे म्हातारे डॉक्टर स्वतः बसले होते. त्यांनी भिंगाखाली माझ्या डोक्याची मागची बाजू पाहिली, कानांच्या वरची पाहिली, वडिलांचे आणि मामाचे डोके कसे होते ते विचारले. मग प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून त्याच्यावर त्यांनी एक गणित मांडले. ते असे.

पुरुषी टकलाच्या सात पायऱ्या मानतात. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या आणि नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारलेल्या तक्त्यावरून हे ठरते. मी सहावीवर. केस सुटे सुटे उगवत नाहीत, एक ते चार केसांच्या जुडग्यांनी उगवतात. त्या जुडग्याला ग्राफ्ट म्हणतात. भरल्या डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरला साधारण ७० ते ८० जुडगी असतात. सहाव्या-सातव्या पायरीला उजाड झालेली जागा धरा २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे गेलेली जुडगी १४ ते १६ हजार. आता मागच्या पट्ट्यातून, ती बाजू विद्रूप न करता, उभ्या आयुष्यात किती काढता येतील? सर्वसाधारण माणसाची ५ ते ६ हजार. कुणाची थोडी जास्त, पुष्कळांची कमी, कारण टक्कल जितके पुढे गेलेले तितका हा पट्टा अरुंद.

सगळीच्या सगळी ६,००० काढली आणि त्यातले एकही जुडगे मेले नाही असे धरले, तरी २०० चौरस सेंटिमीटरवर पसरल्यावर वाट्याला येतात ३०. दाटी निम्म्याखाली गेली की डोळ्यांना टाळू दिसायला लागते. मग ४,५०० ग्राफ्टमध्ये 'संपूर्ण कव्हरेज' कसले? चौरस सेंटिमीटरला २२! पेरणीनंतर पाऊस दडी मारून बसला की शेत जसे दिसते, तसे डोके.

सरकारी कारकुनाला हे गणित समजायला वेळ लागला नाही. मार्च आला की आमच्या खात्यात री-अप्रोप्रिएशनचे प्रस्ताव सुरू होतात. एका हेडखाली पैसे शिल्लक, दुसऱ्या हेडखाली खडखडाट, मग इकडचे तिकडे. फाईल वर जाते, खाली येते, सह्या होतात. पण खात्याची एकूण तरतूद एका रुपयानेही वाढत नाही. ट्रान्सप्लान्ट म्हणजे नेमके हेच आहे. नवा केस एकही तयार होत नाही. मागचे पुढे येतात, एवढेच.

आणि पद्धत खोटी नाही, हेही सांगितले पाहिजे. मागच्या पट्ट्यातला केस पुढे लावला तरी आपला मूळचा गुण सोडत नाही, टिकतो. न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिले, आणि त्याआधी १९३९ मध्ये जपानच्या ओकुदा यांनी तशी रोपणे करून लिहून ठेवले होते. आपल्याकडे तरवा उपटून दुसऱ्या कुणग्यात लावला तरी भात धरतोच की! पण एका वाफ्याच्या तरव्यात सगळे शेत लागत नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. दवाखान्यात शिरल्यावर मात्र आपण ते विसरतो, कारण ते विसरावे अशीच तिथली सगळी मांडणी असते.

मग माझ्यासारख्याने करायचे काय? म्हाताऱ्या डॉक्टरांनी पर्याय सांगितले, आणि प्रत्येकाची किंमतही सांगितली. रुपयांतली नव्हे, दुसरी.

एक, फक्त पुढची बाजू भरायची. १०० चौरस सेंटिमीटर जागा, ३५ च्या हिशेबाने ३,५०० जुडगी. केसांची रेषा वर ठेवायची, कॉलेजातल्या फोटोतल्यासारखी खाली आणायची नाही. चेहऱ्याला चौकट मिळते. मागचा भोवरा उघडाच राहतो, आणि तो तसा राहणार हे आधीच पत्करायचे.

दुसरा प्रश्न, केस काढायचे कसे? पट्टी कापून काढली तर टाके पडतात आणि आडवा व्रण कायमचा राहतो. वर केस वाढवले की तो झाकतो. एकेक जुडगे टोचून काढले तर आडवा व्रण नाही, पण बारीक पांढरे ठिपके राहतात, आणि हावरटपणे काढले तर मागची बाजू कसर लागलेल्या शालीसारखी दिसते. दोन्हींत एक गोष्ट समान: उद्या कंटाळून सगळे डोके वस्तऱ्याने साफ करायचे म्हटले तर खुणा दिसणार. माघारी फिरायची वाट अरुंद होते. हे मला पणजीत कुणी सांगितले नव्हते.

तीन, दाढीचे केस. जाड असतात, पुढच्या रेषेला शोभत नाहीत, पण मधल्या भागात भर म्हणून चालतात. चार, औषधे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाच्या गोळीतून आले, फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९७ मध्ये टकलासाठी मान्यता मिळाली. जे केस अजून जिवंत आहेत त्यांना धरून ठेवायला ती उपयोगी. माझ्या गुळगुळीत टाळूवर ती चमत्कार करणार नाहीत. थांबवली की मिळालेले जाते. फिनास्टेराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, काहींचे मन खचते, म्हणून ती डॉक्टरशी बोलूनच घ्यायची. पाच, टाळूवर बारीक ठिपके गोंदवून घ्यायचे, म्हणजे नुकतेच केस भादरल्यासारखे दिसते. सहा, टोप. आणि सात, दर आठवड्याला मशीन फिरवून मोकळे व्हायचे.

या सातांतला कुठलाही पर्याय निवडणारा माणूस मूर्ख नाही. गणित न सांगता निवडायला लावणारा मात्र अप्रामाणिक आहे, आणि माझा राग त्याच्यावर आहे.

यावर कुणी म्हणेल, माणूस सज्ञान आहे, पैसा त्याचा, डोके त्याचे, तुम्ही कोण? मान्य. पण पाणथळ जमीन कोरडी म्हणून विकली तर आपण त्याला घेणाऱ्याची निवड म्हणत नाही, फसवणूक म्हणतो. दुसरे कुणी म्हणेल, आमच्या ओळखीच्याचे केस छान आले आहेत. आले असतील. तो कुठल्या पायरीवर होता ते विचारा. तिसऱ्या पायरीच्या माणसाचा आधीचा-नंतरचा फोटो सहाव्या पायरीच्या माणसाला दाखवणे, यावरच तर हा धंदा चालतो.

शिवाय ही शस्त्रक्रिया आहे, केशकर्तन नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच हे करावे, कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यात म्हटले आहे. देशाच्या वैद्यकीय आयोगाला यूट्यूबचे नाव घ्यावे लागले, यातच काय ते आले. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांचा एक व्यावसायिक ट्रान्सप्लान्टनंतर दगावला. एकाच बैठकीत ९ हजारांवर ग्राफ्ट लावल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते, आणि मृत्यूचे कारण तीव्र अ‍ॅलर्जी असावे असे सांगितले गेले. अशी घटना विरळाच, पण भूल देणार कोण, टोचणार कोण, आणि काही बिघडले तर तिथे सोय काय, हे विचारायला लाजण्याचे कारण नाही.

आता पुतण्याचा कागद. तो तिसऱ्या पायरीवर आहे. म्हणजे त्याचे टक्कल अजून चालू आहे, आणि कुठे थांबणार ते कुणाला माहीत नाही. आज खाली ओढलेल्या रेषेत ३,५०० घालवले, आणि दहा वर्षांत मागचे गळून तो माझ्या पायरीवर आला, तर कपाळावर केसांचे एक बेट आणि मागे मोकळे मैदान. ते भरायला हातात उरणार दीड-दोन हजार. त्याच्या कोटेशनवर ग्राफ्टचा आकडा होता, रुपयांचा होता, हप्त्याचा होता. एकूण शिल्लक किती आणि यानंतर किती उरेल, हा रकाना नव्हता. आमच्या खात्यात असा प्रस्ताव आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता.

मी त्याला एवढेच सांगितले: आजोबांचा फोटो बघ, तुझ्या बापाकडे बघ, माझ्याकडे बघ. मग चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, जे आहे ते टिकते का ते वर्ष-दोन वर्षे औषधाने पाहा. तोवर लग्न ठरले तर ठरू दे. केसांवर अडून बसणारे स्थळ पुढे कशाकशावर अडेल कोण जाणे. आणि तरीही करायचेच असेल तर समोरच्याला विचार: माझ्याकडे आयुष्यभराची जुडगी किती, तुम्ही आज घेणार किती, उद्याला ठेवणार किती? हे तीन आकडे लिहून देत नसेल तर खुर्चीवरून ऊठ.

त्याने कागद परत खिशात घातला. फाडला नाही. मग त्याने उलट विचारले, "आणि काका, तुम्ही काय ठरवलेत?"

खरे सांगायचे तर मी अजून ठरवलेले नाही. जीपीएफचा अर्ज टेबलाच्या खणात आहे, बेळगावचा उलटा कागद त्यालाच टाचणी लावून ठेवला आहे. पुढच्या बाजूपुरते करावे असे कधी वाटते, कधी मशीन फिरवावी असे वाटते. पण जे करीन ते शिल्लक पाहून करीन. 'घरदुरुस्ती' हे कारण मात्र मी अर्जातून खोडले आहे.