रस्त्यावरून आणलेलं मांजर आणि कच्चं चिकन : 'नैसर्गिक' आहार खरंच सुरक्षित आहे का?

वर्ष २०२३. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. शहरातल्या एका निवाऱ्यात रस्त्यावरून उचलून आणलेली ४० मांजरं होती. त्यातली ३८ मांजरं थोड्याच काळात दगावली. तपासणीत कारण सापडलं ते होतं एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू.

निवाऱ्यातली मांजरं पक्ष्यांमागे फिरत नव्हती, मग विषाणू आत आला कसा? त्याच सुमारास शहरातल्या दुसऱ्या एका निवाऱ्यातही मांजरं आजारी पडली. तिथल्या खाद्याचे नमुने तपासले, तेव्हा बदकाच्या कच्च्या मांसापासून बनवलेल्या खाद्यात विषाणू आढळला. हे खाद्य तयार करताना निर्जंतुकीकरणाची पायरीच पाळली गेली नव्हती, हेही पुढे आलं.

ज्यांनी ही मांजरं रस्त्यावरून वाचवली, त्यांनी ते खाद्य प्रेमापोटीच आणलं होतं. म्हणूनच हा विषय 'कोरियातली बातमी' म्हणून सोडून देता येत नाही. मुंबई-पुण्यातही रस्त्यावरची पिल्लं घरी आणणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि इन्स्टाग्रामवर त्यांच्यासमोर रोज एखादं तरी रील येतं : पाकिटातलं खाद्य बंद करा, कच्चं मांस द्या, औषधांऐवजी 'होलिस्टिक' उपचार करा.

यात खरं किती आणि धोका किती, ते समजून घेऊया.

कच्च्या मांसाचं खूळ आलं कुठून?

याची मुळं बरीच जुनी आहेत. अमेरिकेतले डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात मांजरांवर एक अभ्यास केला. काही मांजरांना कच्चं मांस दिलं, काहींना शिजवलेलं. कच्चं खाणारी मांजरं तंदुरुस्त राहिली, तर शिजवलेलं खाणाऱ्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या आजार वाढत गेले. कच्च्या आहाराचे समर्थक आजही या अभ्यासाचा दाखला देतात.

पण त्या काळी एक गोष्ट माहीत नव्हती, ती म्हणजे टॉरिन. हे अमिनो आम्ल माणसाचं शरीर स्वतः तयार करू शकतं. मांजराला ते पुरेसं तयार करता येत नाही, त्यामुळे खाण्यातूनच मिळावं लागतं. मांस शिजवताना ते पाण्यात उतरतं आणि ते पाणी फेकलं की टॉरिनही जातं. टॉरिन कमी पडलं तर मांजराची दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. हृदयविकाराशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या शोधनिबंधाने दाखवून दिला. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि या कारणाने होणारा हृदयविकार झपाट्याने कमी झाला.

म्हणजे पॉटेंजर यांच्या मांजरांचा त्रास शिजवण्यामुळे कमी आणि अपुऱ्या आहारामुळे जास्त झाला असावा, असं आज मानलं जातं.

पुढे १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी कुत्र्यांना कच्चं मांस आणि हाडं द्यावीत, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. तिथून ही कल्पना जगभर पसरली आणि मांजरांपर्यंत पोहोचली.

समर्थकांचं काहीच बरोबर नाही का?

तसं अजिबात नाही. त्यांचे काही मुद्दे पक्के आहेत.

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भात-पोळीवर बऱ्यापैकी तग धरतो, मांजर नाही. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून माणूस अ जीवनसत्त्व बनवतो. मांजराला ते जमत नाही, त्याला ते मांसातूनच हवं असतं. त्यामुळे दूध-पोळी किंवा वरण-भातावर वाढवलेलं मांजर पोट भरूनही कुपोषित राहू शकतं. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखरही नीट पचत नाही, मग जुलाब होतात.

दुसरा मुद्दा पाण्याचा. मांजर मुळात कमी पाणी पितं. उंदीर-पक्ष्यांच्या मांसात भरपूर पाणी असतं, कोरड्या दाण्यांमध्ये अगदी कमी. फक्त कोरडं खाद्य खाणाऱ्या, विशेषतः बोक्यांना लघवीचा त्रास झाला की ओल्या खाद्याचा सल्ला पशुवैद्यही देतात.

म्हणजे 'मांजराला मांस हवं' आणि 'ओलं खाणं हवं' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण त्यावरून 'म्हणून मांस कच्चंच हवं' असा निष्कर्ष निघत नाही. सगळी गल्लत इथेच होते.

बर्ड फ्लूमुळे चित्र कसं बदललं?

कच्च्या मांसात साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया असे जीवाणू असू शकतात, हे आधीपासून माहीत होतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्येच कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस न देण्याचं धोरण स्वीकारलं होतं. पण निरोगी मांजर अशा जीवाणूंना बऱ्याचदा पुरून उरतं, म्हणून अनेकांनी ते मनावर घेतलं नाही.

एच५एन१ चं तसं नाही. हा विषाणू मांजरांसाठी फार घातक ठरतो. गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहा :

• पोलंड, जून २०२३ : देशाच्या वेगवेगळ्या भागांत मांजरं अचानक मरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने जुलैमध्ये दिलेल्या माहितीनुसार तपासलेल्या ४७ नमुन्यांपैकी २९ मध्ये एच५एन१ आढळला. यात घराबाहेर न पडणारी मांजरंही होती.

• टेक्सास, मार्च २०२४ : गायींमध्ये बर्ड फ्लू पसरलेल्या एका डेअरी फार्मवर मांजरांना आजारी गायींचं कच्चं दूध दिलं जात होतं. त्या साधारण २४ मांजरांपैकी जवळपास निम्मी दगावली.

• ओरेगॉन, डिसेंबर २०२४ : फक्त घरात राहणाऱ्या एका मांजराचा एच५एन१ ने मृत्यू झाला. ते नॉर्थवेस्ट नॅचरल्स या कंपनीचं टर्कीचं गोठवलेलं कच्चं खाद्य खात होतं. मांजरातला आणि खाद्यातला विषाणू जनुकीय तपासणीत जुळला. कंपनीने तो माल बाजारातून परत मागवला.

यानंतर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कच्चं मांस किंवा कच्चं दूध वापरणाऱ्या पाळीव प्राण्यांच्या खाद्य उत्पादकांना सांगितलं, की सुरक्षा आराखड्यांचा बर्ड फ्लूचा धोका धरून फेरविचार करा.

पण फ्रीजरमध्ये ठेवलं की विषाणू मरतो ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण विषाणू टिकून राहतो. किंबहुना प्रयोगशाळांमध्ये विषाणू जपून ठेवण्यासाठीच ते गोठवले जातात. 'फ्रीज-ड्राइड' म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यालाही हेच लागू होतं, कारण त्यातलं पाणी काढलेलं असतं, ते शिजवलेलं नसतं.

उपाय जुनाच आहे : उष्णता. मांसाच्या आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान पोहोचलं, की हा विषाणू मरतो. साध्या भाषेत, चिकन आतून गुलाबी न राहता नीट शिजलं पाहिजे.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा इथे तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला अहवाल आला : बर्ड फ्लू. मानव-वन्यजीव संघर्षामुळे चंद्रपूरच्या भागातून पकडून आणलेले ते वाघ होते. म्हणजे तेही एका अर्थाने 'रेस्क्यू' केलेलेच. संसर्ग खाण्यातून झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. राज्यातल्या प्राणिसंग्रहालयांना सतर्क करण्यात आलं.

त्याच महिन्यात नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांमध्ये एच५एन१ सापडला. लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मेले, रायगडच्या उरण तालुक्यात कोंबड्यांमध्ये लागण झाली.

याचा अर्थ गल्लीतल्या चिकनच्या दुकानातला माल दूषित असतो, असा नाही. अर्थ इतकाच, की विषाणू आपल्या भागात अधूनमधून येतो आणि कच्ची मुंडी, पाय, पोटा-कलेजी मांजरापुढे टाकताना तो त्यात आहे की नाही, हे कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. एफएसएसएआयचा कायदा माणसांच्या अन्नापुरता आहे. त्यामुळे घरगुती पातळीवर बनवून ऑनलाइन विकलं जाणारं 'ताजं रॉ फूड' घेताना, माणसांच्या अन्नाला असते तशी तपासणी त्याच्यामागे आहे असं गृहीत धरता येत नाही.

रेस्क्यू मांजरांना धोका जास्त का?

रस्त्यावरून आलेल्या पिल्लाचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. पोटात जंत असतात, लस झालेली नसते, उपासमार झालेली असते. प्रतिकारशक्ती आधीच कमी. निरोगी मांजर जो जीवाणू पचवून टाकेल, तोच या पिल्लाला महागात पडू शकतो.

शिवाय जिथे अनेक मांजरं एकत्र राहतात, तिथे एकाच पातेल्यातलं खाद्य सगळ्यांच्या पोटात जातं. सोलमध्ये नेमकं काय होऊ शकतं, ते दिसलं.

धोका माणसांनाही आहे. मांजराकडून माणसाला बर्ड फ्लू होण्याची शक्यता कमी मानली जाते. पण कच्चं मांस कापलेली सुरी, ओटा, मांजराची वाटी यांवरून साल्मोनेला घरातल्या लहान मुलांपर्यंत आणि वयस्कर माणसांपर्यंत सहज पोहोचतो. कच्च्या मांसातून मांजराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागणही होऊ शकते. गरोदर बाईसाठी तो काळजीचा विषय असतो. मात्र त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. मांजराच्या विष्ठेतला हा परजीवी बाधा करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो. म्हणून लिटर रोज साफ करावं आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं.

मग शिजवलेलं चिकन-भात दिलं की झालं?

इथे दुसरी चूक होते. नुसतं उकडलेलं चिकन सुरक्षित असलं, तरी तो पूर्ण आहार नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. वाढत्या पिल्लाला महिनोन् महिने फक्त मांस दिलं, तर हाडं ठिसूळ होतात आणि साध्या उडीनेही मोडू शकतात. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन मान आणि पाठ आखडते. कोळीवाड्यातल्या मांजरांचा खाऊ म्हणजे मासे. पण अनेक प्रकारच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, म्हणून मासेही शिजवूनच द्यावेत. शिजवलेली हाडं मात्र देऊ नयेत, ती टोकदार तुकड्यांत फुटतात.

म्हणून बहुतेक पशुवैद्यांचा सल्ला असा असतो : मुख्य जेवण 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलेलं ओलं किंवा कोरडं खाद्य, सोबत खाऊ म्हणून बिनमीठ-मसाल्याचं शिजवलेलं चिकन. पूर्ण आहार घरीच बनवायचा असेल, तर टॉरिन आणि कॅल्शियमसह पाककृती पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी.

खाणं बदलताना घाई नको. 'भूक लागली की खाईल' हा नियम मांजराला लागू होत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येऊ शकतो, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. नवं खाद्य जुन्यात थोडं थोडं मिसळत, आठवडाभर किंवा जास्त वेळ घेऊन बदल करावा.

'होलिस्टिक' काळजीचं काय?

शब्द चांगला आहे. मांजराचं खाणं, मन, घर, आजार यांचा एकत्र विचार करणं, हे कोणालाही पटेल. अडचण येते ती या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोष्टींची.

मांजराच्या यकृतात काही रसायनं मोडून टाकायची यंत्रणा कमकुवत असते. त्यामुळे माणसाला 'सौम्य' वाटणारी गोष्ट त्याला विषारी ठरते. टी-ट्री आणि इतर सुगंधी तेलं पिसवांसाठी अंगाला लावू नयेत. 'जंतावर लसूण' हा उपायही टाळावा, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. पुष्पगुच्छातल्या लिलीने मांजराची किडनी निकामी होते, अगदी अंगावर पडलेला पराग चाटला तरी.

खऱ्या अर्थाने समग्र काळजी बरीच साधी असते. नवीन मांजर आणलं की साधारण दोन आठवडे घरातल्या इतर मांजरांपासून वेगळं ठेवावं. जंताचं औषध, रेबीजसह सगळ्या लसी आणि वेळेवर नसबंदी करावी. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. लपायला एक खोका, नखं घासायला पोतं किंवा खांब आणि दिवसातून थोडा वेळ खेळ. यातली निम्मी यादी जवळपास फुकट होते.

आणि मांजराला ताप, धाप, झटके, तोल जाणं किंवा अचानक न दिसणं असं काही जाणवलं तर घरगुती उपाय करत बसू नये. बर्ड फ्लूप्रमाणेच रेबीजमध्येही मेंदूची लक्षणं दिसतात, म्हणून उघड्या हाताने न हाताळता लगेच पशुवैद्याला फोन करावा. गेल्या दोन आठवड्यांत मांजराने काय खाल्लं, कच्चं मांस किंवा मेलेला पक्षी त्यात होता का, हे न विसरता सांगावं. आजाराचा माग बऱ्याचदा त्या एका उत्तरावरूनच लागतो.