दाराआतला गलबला

जळगाव-धुळ्याकडील एखाद्या रुग्णालयाच्या भिंतीवर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी दिसली, की तिच्यामागे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे बळ आहे, सभोवार शंभर मीटरांच्या हद्दीत दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलांची मर्यादा आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु राज्य शासनाने घोषित केल्यावाचून असे क्षेत्र अस्तित्वातच येत नाही, असे २०१७ च्या दुरुस्तीने ठरवून त्या पाटीचे तेज बरेच उतरवले, आणि ही गोष्ट मेहरूण तलावाकडे निघालेल्या मिरवणुकीतील डीजेवाल्याला जितकी ठाऊक असेल तितकी रुग्णाच्या नातेवाइकाला खचितच नसावी. मात्र रस्त्यावरच्या गोंगाटाविरुद्ध तक्रार गुदरायला पोलीस ठाणे तरी आहे. ज्याची दाद कोठेच मागता येत नाही असा गलबला त्याच इमारतीत, शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराआड चालतो, आणि तो करणारे सारे तेथे असण्याचा पूर्ण अधिकार असलेले, सद्धेतूचे लोक असतात.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहांची मोजदाद २००७ साली प्रसिद्ध झाली, तीत अस्थिशस्त्रक्रियांच्या वेळी सरासरी ६६ डेसिबलांच्या आसपास आवाज आढळला. हाडात फिरणारे ड्रिल, हातोडी, सक्शन यांना इलाज नाही. आमच्या खानदेशात वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकला असता घरघरणाऱ्या एसीला आणि वीज जाताच धडधडू लागणाऱ्या जनरेटरलाही नाही. पण वारंवार उघडणारे दार, आपटलेला ट्रे, स्पीकरवरची गाणी, कालच्या लग्नातील मानापमानाची कैफियत आणि खिशातला मोबाईल, ही यादी अटळ गोष्टींची नव्हे.

भूल दिलेल्या रुग्णाला वाचा नसते. त्याच्या वतीने बोलते ते बोटाला लावलेले पल्स ऑक्सिमीटर. रक्तातला प्राणवायू घटू लागला, की त्या यंत्राचा ठोका खालच्या स्वरात उतरत जातो, आणि हातातल्या सिरिंजवर नजर असलेल्या भूलतज्ज्ञाला पडद्यावरचा आकडा वाचण्याआधी तो उतार कानांनी कळतो. म्हणूनच शस्त्रक्रियागृहातील प्रश्न केवळ शांततेचा नाही, जो आवाज ऐकू यायलाच हवा तो इतर आवाजांखाली बुडू न देण्याचा आहे.

त्यातही मोबाईलविषयी भूलतज्ज्ञाला दोष देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. जिल्ह्याच्या गावी काय किंवा तालुक्याच्या गावी काय, लहान नर्सिंग होमला स्वतःचा भूलतज्ज्ञ परवडत नाही. एकच गृहस्थ सकाळी एकीकडे सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया असे फिरतात, आणि पहिला रुग्ण टेबलावर असतानाच ‘सर, केव्हा येता?’ असा पुढच्या दवाखान्याचा फोन खणखणतो. ती रिंग दवाखान्यांच्या हिशेबाची आहे, स्वभावाची नव्हे.

१९७४ मध्ये अमेरिकेत शार्लट येथे उतरताना एक विमान कोसळले. वैमानिक त्या वेळी अवांतर गप्पांत गुंतले होते. पुढे १९८१ साली दहा हजार फुटांखाली अनावश्यक संभाषणास तेथे कायद्याने मनाई झाली. शस्त्रक्रियेतही असे मोक्याचे टप्पे मोजकेच आहेत: भूल चढवताना, छेद घेण्यापूर्वी, पोट शिवण्याआधी मॉप-सुयांची मोजणी होताना आणि रुग्ण शुद्धीवर येताना. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली दिलेली तपासणी-सूची यांपैकी छेदापूर्वी सर्वांना क्षणभर थांबायला लावते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा अवलंब झाल्यावर मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ही सूची पुष्कळदा शस्त्रक्रिया आटोपल्यावर टिकमार्क करून दप्तरी दाखल होते, हे जाणकारांस सांगणे नलगे.

संगीताने हात स्थिर राहतो, असे काही सर्जन म्हणतात, आणि मधल्या निवांत काळापुरते मी ते मानायला तयार आहे. अट इतकीच, की ते बंद करण्याचा अधिकार खोलीतल्या प्रत्येकाला, अगदी ट्रॉली ढकलणाऱ्या मावशींनाही असावा. ज्या दवाखान्याचा मालक, मुख्य सर्जन आणि पगार देणारा एकच मनुष्य असतो, तेथे सिस्टरने आपण होऊन ‘सर, जरा थांबा’ म्हणावे, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. तेव्हा हा हुकूम सरांनीच स्वतःच्या सहीने काढून हात धुण्याच्या बेसिनवर लावावा, आणि भूलतज्ज्ञाचा फोन दाराबाहेर बसणाऱ्या माणसाने घेऊन पुढच्या दवाखान्याला ‘अजून तास लागेल’ असे सांगावे. यास खर्च काहीच येत नाही.