माकडहाडावरची गाठ आणि कंबरदुखीच्या गोळ्या



आमच्या वस्तीतल्या एका धुणीभांडी करणाऱ्या मावशींना खाली बसलं की माकडहाडाजवळ ठणका लागायचा. दोन वर्षं त्यांना गोळ्या मिळाल्या आणि "वयाप्रमाणे होतंच" हे उत्तर. पुढे लघवी अडकू लागली, तेव्हा कुठे एमआरआय झाला. त्रिकास्थीवर गाठ निघाली, कॉर्डोमा नावाची.

हा आजार वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होतो. तो डॉक्टरला लगेच सुचला नाही, याचा दोष आम्ही देणार नाही. पण गुदद्वारातून बोटाने तपासलं तर इथली मोठी गाठ बहुतेक वेळा हाताला लागते. त्याला मशीन लागत नाही, दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मावशींना दोन वर्षांत कोणी दिली नाहीत. दवाखान्यात जात कोणी विचारत नाही, खरं आहे. पण कोणाला किती वेळ द्यायचा हे पत्ता आणि लुगडं पाहून ठरतं, हे आम्ही रांगेत उभं राहून पाहिलंय.

आता दुसरी बाजू पाहा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येकींना कॅन्सरची भीती घातलेली होती. म्हणजे गरज नव्हती तिथे कात्री तयार, आणि गाठ होती तिथे बोटही नाही! दोन्हीकडे बाई कष्टकरीच.

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. या गाठीत पहिलं ऑपरेशनच निर्णायक असतं. गाठ अख्खी, भोवतीच्या निरोगी भागासकट काढावी लागते. फुटली किंवा अर्धी राहिली तर ती परत येण्याचा धोका खूप वाढतो. तुकडा तपासायला घेतानाही सुई पाठीकडून जावी, गुदाशयातून नव्हे, आणि ते ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवावं. म्हणून "इथेच काढून टाकू" म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवा आणि पेशंटला टाटासारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रात न्या.

जयंतीच्या आरोग्य शिबिरात आपण बीपी, शुगर मोजतो, फोटो काढतो. बसल्यावर दुखतं का, लघवी-शौचाचा त्रास आहे का, बधिरपणा आहे का, हे एका बाई कार्यकर्तीने आडोशाला विचारायला काय हरकत आहे?

मावशींचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. मुंबईतलं राहणं-खाणं आणि सोबत गेलेल्या मुलीची बुडालेली मजुरी मात्र बसली नाही. गाठ निघाली, पण लघवीच्या नसा वाचल्या नाहीत. आता त्या दर काही तासांनी स्वतः नळी घालतात, आणि ती नळी दर महिन्याला विकत आणावी लागते.